अपग्रेडची सुरुवात काउंटरपासून: विद्यापीठ ग्रंथालयाच्या सिस्टिम्स विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

सिस्टिम्स विभागात कुणी नवीन रुजू झालं की मी त्यांना सर्व्हरचा पासवर्ड लगेच देत नाही. आधी काही दिवस देवघेव काउंटरच्या आत बसा, असं सांगते. संगणकशास्त्र शिकून आलेल्यांना हे जरा विचित्र वाटतं. ग्रंथालयशास्त्र शिकून आलेल्यांना वाटतं, हे तर आपल्याला माहीतच आहे. दोघांनीही बसावं. ग्रंथालयातल्या सॉफ्टवेअरच्या अपग्रेडचं, म्हणजे नव्या आवृत्तीवर जाण्याचं, खरं काम काउंटरवर, तालिका (पुस्तकांची सूची) करणाऱ्यांच्या टेबलावर आणि वाचकाच्या शोधचौकटीत असतं. सर्व्हरवर द्यायच्या कमांड त्या मानाने थोड्या, आणि बहुतेक सगळ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या असतात.

काउंटरवर बसून माणसांचे हात पाहायचे. बारकोड स्कॅनर हा संगणकाच्या लेखी एक कीबोर्डच असतो: तो अंक टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. त्यामुळे गर्दीच्या वेळी काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडे बघतही नाही. सभासदाचं कार्ड, मग पुस्तक, पुस्तक, पुस्तक. कान फक्त बीपकडे. हा सगळा वेग एका गृहीतावर उभा असतो: पान उघडलं की कर्सर बारकोडच्या चौकटीतच असणार. नव्या आवृत्तीत कर्सर शोधाच्या चौकटीत जाऊन बसला, किंवा मधेच ‘पुढे जायचं का?’ विचारणारी खिडकी यायला लागली, तर स्कॅनरचा एंटर त्या खिडकीला होकार देऊन मोकळा होतो. आरक्षण असलेलं पुस्तक भलत्याच्या नावावर चढतं आणि ज्याने आरक्षण केलं होतं तो दोन दिवसांनी तक्रार घेऊन येतो. रिलीज नोट्समध्ये या बदलाची नोंद एका ओळीची असते: ‘पानाची मांडणी सुधारली.’ त्या ओळीचा अर्थ ज्याने काउंटर पाहिलाय त्यालाच कळतो.

मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्याही वाचा. ‘संदर्भग्रंथ असेल तर आधी एफ५ दाबणे’, ‘दंड माफ करताना दोनदा सेव्ह’ अशा त्या असतात. प्रत्येक चिठ्ठीमागे एक अडचण असते, जी कुणी कधी सिस्टिम्स विभागाला सांगितलेली नसते, कारण सांगून काही होत नाही असा अनुभव असतो. या चिठ्ठ्या वहीत उतरवून घेतल्या की सुधारणांची निम्मी यादी तयार होते.

आता प्रश्न येतो की चाललंय ते ठीक चाललंय, मग अपग्रेड कशाला? हा प्रश्न तुम्हाला ग्रंथपाल विचारतील, वित्त विभाग विचारेल, काउंटरवरची मंडळीही विचारतील. त्याचं उत्तर नीट देता आलं पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर ऱ्हायसिडा या टोळीने रॅन्समवेअरचा (खंडणीसाठी संगणक कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला केला. तिथली मुख्य तालिका इंटरनेटवर परत यायला जानेवारी २०२४ उजाडलं, आणि तीही सुरुवातीला फक्त शोधण्यापुरती. मार्च २०२४ मध्ये ग्रंथालयाने स्वतःच या हल्ल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तो मी प्रत्येक नवोदिताला वाचायला लावते. डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती त्यांच्याकडे होत्या, पण त्या परत उभ्या करायला लागणारी यंत्रणा हाताशी नव्हती. बरीचशी जुनी सॉफ्टवेअर आता कुणी सांभाळतच नव्हतं, किंवा ती नव्या सुरक्षित रचनेत चालणारी नव्हती. जुनी प्रणाली ‘चालते’ ती तोपर्यंतच, जोपर्यंत ती पुन्हा पहिल्यापासून उभी करायची वेळ येत नाही. अपग्रेडचा खर्च मांडताना हे उदाहरण जरूर द्या. भीती घालायला नको, पण ते इतक्या मोकळेपणाने लिहिलं गेलंय की त्यातून शिकलंच पाहिजे.

दुसरं उदाहरण डिसेंबर २०२१ चं. लॉगफोरजे या जावा भाषेतल्या सॉफ्टवेअर-घटकातली सुरक्षेची मोठी फट उघड झाली. सोलर या सर्च इंजिनच्या बऱ्याच आवृत्त्यांत ती होती, आणि सोलर तर प्रबंधांच्या भांडारासाठी वापरल्या जाणाऱ्या डीस्पेस या सॉफ्टवेअरमध्ये असतं, अनेक शोधप्रणालींच्या पोटातही असतं. त्या आठवड्यात ज्यांच्या वहीत ‘आपल्याकडे सोलर कुठे कुठे आहे, कोणती आवृत्ती आहे’ हे लिहिलेलं होतं, त्यांनी लगेच दुरुस्ती केली. बाकीच्यांचा आधी शोधण्यातच वेळ गेला.

म्हणून पहिलं लेखी काम नकाशाचं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकच सॉफ्टवेअर कधीच नसतं. देवघेव आणि तालिकेची मुख्य प्रणाली, प्रबंध आणि शोधनिबंधांचं भांडार, ई-नियतकालिकांचा आवाराबाहेरून प्रवेश, विद्यापीठाचं एकत्रित लॉगिन, सेल्फ चेक मशीन (वाचकाने स्वतःच पुस्तकाची देवघेव करायचं यंत्र), दारावरचं गेट, पावत्यांचा प्रिंटर, आणि दर सत्रात नव्या विद्यार्थ्यांची यादी पाठवणारा प्रवेश विभाग. यातल्या कुणाचं कुणाशी काय बोलणं चालतं, कोणत्या पोर्टवर, दिवसातून कधी, हे एका मोठ्या कागदावर काढा. रात्री आपोआप चालणारी कामं वेगळ्या रंगाने काढा: उशिराच्या नोटिसा, दंडाची मोजणी, इंडेक्स (शोधासाठीची अनुक्रमणिका) तयार करणं, विद्यार्थ्यांची यादी आत घेणं. बहुतेक ठिकाणी यातलं एखादं काम अशा माणसाने लावलेलं असतं जो आता संस्थेत नसतो.

सेल्फ चेक मशीनबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण अपग्रेडनंतर तेच पहिलं बंद पडतं. ते मुख्य प्रणालीशी एसआयपी२ या प्रोटोकॉलने बोलतं. भाषा अगदी साधी: ९३ म्हणजे लॉगिन, ६३ म्हणजे सभासदाची माहिती द्या, ११ म्हणजे पुस्तक देतोय, ०९ म्हणजे परत घेतोय. प्रत्येक संदेशाच्या शेवटी एक कॅरेज रिटर्न. काही मशीनना त्याच्या जोडीला लाइन फीडही लागतं, आणि एवढ्या एका न दिसणाऱ्या अक्षरापायी मशीन गप्प बसतं. पडद्यावर फक्त ‘सेवा उपलब्ध नाही’. विक्रेत्याला फोन लावण्याआधी लॉग (यंत्रणेने ठेवलेली घडामोडींची नोंद) उघडून हे संदेश डोळ्यांनी वाचायला शिका. दुपारभरात जमतं, आणि पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.

आता तालिकेतल्या नोंदींकडे वळते, कारण माझा सर्वांत जास्त जीव तिथे आहे. सॉफ्टवेअर दहा-पंधरा वर्षांत बदलतं. नोंदी राहतात. आज आपण ज्या मार्क या संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपात नोंदी ठेवतो ते १९६०च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हरम यांच्या पुढाकाराने तयार झालं. चुंबकीय टेपच्या काळातल्या गरजा त्यात अजून दिसतात. नोंदीच्या सुरुवातीला चोवीस अक्षरांचा लीडर असतो आणि त्याची पहिली पाच अक्षरं म्हणजे नोंदीची लांबी. पाचच अंक, म्हणून त्या स्वरूपात नोंद ९९,९९९ बाइट्सपेक्षा मोठी होऊ शकत नाही. एरवी हे कुणाच्या गावीही नसतं. पण कोहा या ग्रंथालयाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रतीची माहिती नोंदीतल्या ९५२ क्रमांकाच्या क्षेत्रात (रकान्यात) जाते, आणि एखाद्या नियतकालिकाचे शेकडो बांधीव खंड एकाच नोंदीला जोडलेले असले की निर्यात करताना नेमकी तीच नोंद तुटते. अशा वेळी मार्क-एक्सएमएल हे मार्कचंच एक्सएमएलमधलं रूप वापरायचं, तिथे ही मर्यादा नाही.

लीडरमधलं नववं स्थान, शून्यापासून मोजून, नोंद कोणत्या अक्षरसंकेतात आहे ते सांगतं. तिथे ‘ए’ असेल तर युनिकोड, रिकामं असेल तर मार्क-८ हा जुना अक्षरसंकेत. जुन्या प्रणालीने आतला मजकूर युनिकोड केला पण हे एक अक्षर बदललं नाही, असं कितीतरी ठिकाणी आढळतं. नवी प्रणाली लीडरवर विश्वास ठेवते आणि लेखकांच्या नावांचा चिखल होतो. ००८ क्षेत्राचंही तसंच. त्यातल्या ३५ ते ३७ या स्थानांवर भाषेचा संकेत असतो. जुन्या ओपॅकमध्ये (वाचकांनी शोधायच्या ऑनलाइन तालिकेत) भाषेनुसार गाळणी नव्हती म्हणून तो चुकीचा असला तरी कुणाचं अडलं नाही. नव्या ओपॅकमध्ये गाळणी आली, वाचकाने भाषा निवडली आणि निम्मी पुस्तकं गायब झाली. नवं सॉफ्टवेअर जुन्या नोंदींचे दोष असे उघडे पाडतं, आणि बोल मात्र सॉफ्टवेअरला लागतो. म्हणून नोंदींची साफसफाई अपग्रेडच्या आधी. नंतर करू म्हटलं की ती होत नाही.

देवनागरीतल्या पुस्तकांपाशी तर फारच बारकाईने पाहावं लागतं. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावतात. दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे सारखी अक्षरं एकाच रूपात आणायची पद्धत, तीही त्यांना एक करत नाही; ते इंडेक्सच्या नियमांत आपल्यालाच सांगावं लागतं. तालिका करणाऱ्याच्या कीबोर्डवर एक तऱ्हा आणि वाचकाच्या फोनवर दुसरी असली, तर समोरच्या शेल्फवरचं पुस्तक शोधात सापडत नाही. नवी प्रणाली तपासताना असे पाच-सहा शब्द दोन्ही तऱ्हांनी टाइप करून बघाच.

हे सगळं करायला काय शिकावं, असं मुलं विचारतात. प्रोग्रामिंगच्या आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. कोणत्या नोंदींत भाषेचा संकेत नाही, कोणत्या प्रतींना वर्गांक नाही, कोणत्या सभासदांची मुदत संपूनही त्यांच्या नावावर पुस्तकं आहेत, हे प्रश्न स्वतः विचारता आले पाहिजेत. त्यानंतर रेग्युलर एक्स्प्रेशन्स (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत), लिनक्सवर लॉग वाचणं, आणि मार्क-एडिटसारख्या साधनाने एकगठ्ठा नोंदी बदलणं. संगणकाकडून आलेल्यांनी एक काम आवर्जून करावं: कोऱ्या पडद्यापासून स्वतः पन्नासेक पुस्तकांची तालिका करावी. मार्कच्या २४५ क्षेत्रामध्ये शीर्षक, १०० मध्ये लेखक, ६५० मध्ये विषय हे पाठ करून येत नाही, हाताने भरून येतं.

अपग्रेडची प्रत्यक्ष तयारी एका प्रश्नापासून सुरू होते: बॅकअप परत उभा करून कुणी पाहिलाय का? फाइल रोज तयार होते, एवढं पुरेसं नाही. कोरा सर्व्हर घ्या, बॅकअप त्यावर चढवा, किती तास लागले ते लिहा. हीच तुमची चाचणीची प्रत. ती चालू करण्याआधी मात्र दोन गोष्टी केल्याच पाहिजेत. पहिली, बाहेर जाणारी मेल बंद करणं. चाचणीची प्रत ही खऱ्या प्रणालीची नक्कल असते, तिच्यात खरे पत्ते असतात आणि रात्रीची कामंही असतात. ती तशीच सोडली तर मध्यरात्री हजारो विद्यार्थ्यांना उशिराच्या नोटिसा जातात. कोहामध्ये सगळी मेल एकाच पत्त्यावर वळवण्याची सोय आहे. ती लावा, शिवाय सर्व्हरवरूनही मेल अडवा. दुसरी, सभासदांची नावं, फोन आणि वाचनाचा इतिहास झाकणं. कुणी काय वाचलं ही त्या माणसाची खाजगी गोष्ट आहे, आणि चाचणीच्या सर्व्हरवर तिचा काहीच उपयोग नसतो.

याच प्रतीवर एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. कोहामध्ये चालू देवघेव एका तक्त्यात असते आणि पुस्तक परत आलं की ती ओळ जुन्या देवघेवीच्या तक्त्यात जाते, आपला क्रमांक घेऊन. पुढचा क्रमांक कोणता हे डेटाबेस (मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी) ठरवतो. मायएसक्यूएलच्या ८.० आधीच्या आणि मारियाडीबीच्या १०.२.४ आधीच्या आवृत्त्यांमध्ये हा पुढचा क्रमांक फक्त मेमरीत असायचा. डेटाबेस बंद करून सुरू केला की तो चालू तक्त्यातला सर्वांत मोठा क्रमांक बघून त्यापुढचा धरायचा. पण सर्वांत नव्या ओळी परत येऊन जुन्या तक्त्यात गेल्या असतील, तर तेच क्रमांक पुन्हा वाटले जायचे. पुस्तक देताना काहीच कळत नाही. आठवड्याने ते परत येतं, ओळ जुन्या तक्त्यात जायला बघते आणि तिथे त्या क्रमांकाची ओळ आधीच बसलेली असते. काउंटरवर एवढंच दिसतं की पुस्तक परत घेतलं जात नाहीये. डेटाबेस नवा केला तरी आधी झालेल्या अशा टकरा तशाच राहतात. कोहाच्या ‘अबाउट’ पानावर, सिस्टिमच्या माहितीच्या टॅबमध्ये त्यांचा इशारा दिसतो. अपग्रेडआधी ते पान उघडून प्रत्येक इशारा निस्तरायचा, असा माझा नियम आहे.

मग रंगीत तालमी. अनेकवचन मुद्दाम लिहिलंय. पहिल्या तालमीत सिस्टिम्स विभागाने सगळ्या पायऱ्या करायच्या आणि प्रत्येक कमांड, तिला लागलेला वेळ, आलेला इशारा एका फाइलीत लिहायचा. दुसऱ्या तालमीत तीच फाइल दुसऱ्या कुणीतरी समोर ठेवून काम करायचं. जिथे तो अडेल तिथे फाइल अपुरी आहे. त्यानंतर ती प्रत काउंटरच्या, तालिकेच्या आणि नियतकालिकांच्या लोकांच्या हाती द्यायची. ‘जरा बघून सांगा’ म्हटलं की कुणी बघत नाही. सगळ्यांना रोजची कामं असतात. त्यांना नेमकी कामं लिहून द्या: मुदत संपलेल्या सभासदाला पुस्तक द्यायचा प्रयत्न करा, दुसऱ्याचं आरक्षण असलेलं पुस्तक परत घ्या, हरवलेलं म्हणून नोंदवलेलं पुस्तक सापडलं म्हणून आत घ्या, अर्धा दंड भरून पावती छापा. आणि ग्रंथपालांकडून या लोकांसाठी वेळापत्रकात तासभर मोकळा मागून घ्या. हा तास मिळवणं हे सिस्टिम्सचंच काम आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं.

तारीख परीक्षा आणि सत्राची सुरुवात टाळून ठरवायची. कोहाची मोठी आवृत्ती दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि क्रमांकातच वर्ष-महिना असतो, जसं २३.११. ताज्या आवृत्तीवर पहिल्याच दिवशी उडी घेऊ नका. दर महिन्याला दुरुस्त्या येतात. त्यातल्या काही येऊन गेल्यावर घ्यावी. पण ‘पुढच्या वर्षी बघू’ करत पाच-सहा आवृत्त्या मागेही पडू नका, कारण मग एकाच दिवशी ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि कोहा तिन्ही बदलावे लागतात आणि बिघाड झाला तर तो कुणाचा हे कळत नाही.

प्रबंधांच्या भांडाराचं गणित थोडं वेगळं. २०२१ मध्ये आलेल्या डीस्पेस ७ ने जुने दोन्ही इंटरफेस काढून टाकले आणि अँग्युलर या वेब-तंत्रावरचा एकच नवा दिला. त्यामुळे ज्यांनी जुन्या इंटरफेसमध्ये स्वतःचे बदल केले होते त्यांना ते नव्याने लिहावे लागले. इथे देवघेवीसारखी घाई नसते, पण एक जबाबदारी मोठी असते: पत्ते. लोकांनी आपल्या निबंधांत हँडलचे (भांडारातल्या कायमच्या पत्त्यांचे) दुवे दिलेले असतात, काहींनी थेट पीडीएफचे. अपग्रेडनंतर हँडल तर चाललीच पाहिजेत, पण वेबलॉगमधून सर्वांत जास्त उघडले जाणारे थेट दुवेही काढून घ्या आणि ते योग्य जागी वळतात का ते तपासा.

अपग्रेडच्या दिवशी निर्णय कुणी घ्यायचा हे आधी ठरलेलं असू द्या. अमुक वाजेपर्यंत इंडेक्स पूर्ण झाला नाही तर मागे फिरायचं, ही वेळ कागदावर लिहिलेली असावी. रात्री दोन वाजता ‘अजून अर्धा तास बघू’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी येतं. अपग्रेड चालू असेतोवर काउंटरवर कागदी नोंदवही किंवा ऑफलाइन देवघेव चालू ठेवा, आणि त्या नोंदी नंतर कोण भरणार त्याचं नावही लिहा.

पुढचा आठवडा सिस्टिम्सच्या माणसाने काउंटरपाशीच काढावा. तक्रारी तोंडी येतात, तिकीट कुणी भरत नाही. काही तक्रारी फक्त सवयीच्या असतात, चार दिवसांत विरतात. काही खऱ्या असतात. खऱ्या असतील तर त्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समुदायापर्यंत पोचवा. आवृत्ती, केलेल्या पायऱ्या, अपेक्षित काय होतं, झालं काय, आणि सभासदाचं नाव पुसलेला स्क्रीनशॉट. कोहासारख्या प्रकल्पात दुसऱ्या कुणीतरी तपासून साइन-ऑफ (तपासल्याची मान्यता) दिल्याशिवाय कुठलाही बदल पुढे जात नाही, आणि प्रोग्रामिंग न येणारेही सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या तात्पुरत्या प्रतीत) हे तपासणीचं काम करू शकतात. नव्या माणसाला नाव कमवायला आणि शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

सुधारणेचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. महिन्यातून एकदा, ज्या शोधांना शून्य उत्तरं आली त्यांची यादी काढा. तिथे वाचक उघड दिसतो. कुणी आयएसबीएन मोकळ्या जागा टाकून लिहितो, कुणी अभ्यासक्रमाचा क्रमांक शोधतो, कुणी लेखकाचं आडनाव वेगळ्या स्पेलिंगने, कुणी अख्खा संदर्भ जसाच्या तसा चिकटवतो. यातलं बरंचसं इंडेक्सच्या नियमांत आणि लेखकांच्या पर्यायी नावांच्या नोंदींत दुरुस्त होतं, नवं काही विकत घ्यावं लागत नाही.

राहिला जुना सर्व्हर. तो इंटरनेटपासून तोडून, फक्त वाचण्यापुरता, एक सत्रभर ठेवा. दंडाचा किंवा हरवलेल्या पुस्तकाचा वाद आला तर तिथे पाहता येतं. त्यानंतर डिस्क पुसून टाका, कारण तिच्यात हजारो माणसांचा वाचनाचा इतिहास आहे. पुसल्याची तारीख आणि पुसणाऱ्याचं नाव त्या नकाशाच्या कागदावर लिहा, आणि नकाशावरची जुनी चौकट खोडा.